अ‍ॅनालॉग मल्टिमीटरवर ×१, ×१०, ×१के म्हणजे काय?

या ओहमच्या, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या रेंज; ‘के’ म्हणजे हजार. काटा दाखवेल तो आकडा तितक्या पटीने गुणायचा: काटा २० वर, नॉब ×१० वर, तर रेझिस्टन्स २०० ओहम. ही पट्टी उलटी असते, शून्य उजवीकडे.

रेंज बदलली की दर वेळी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून ‘झीरो ओहम’ नॉबने काटा शून्यावर आणा. ×१ वर सेलमधून सर्वात जास्त करंट जातो, म्हणून तिथे काटा शून्यापर्यंत पोहोचत नसेल तर बहुधा पेन्सिल सेल उतरलेत.

डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) तपासताना मात्र फसाल: ओहमवर बहुतेक अ‍ॅनालॉग मीटरचा काळा प्रोब पॉझिटिव्ह असतो, डिजिटलच्या नेमका उलट. आणि ओहमवर असताना चालू सर्किटला प्रोब लावू नका. फ्यूज, नाहीतर आतला रेझिस्टर जळतो.