कंटाळा, चालढकल की एडीएचडी, कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की एमपीएससीचं पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत हात मोबाईलकडं जातो, फॉर्मपण शेवटच्या तारखेलाच भरला जातो, मग हा आळस का एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं लहानपणापासूनच अवघड जातं तो मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार)? एवढ्यावरनं कुणीच सांगू शकणार नाही, राज्यघटनेची कलमं पाठ करायचा कंटाळा कुणालाही येतो. मी डॉक्टर नाही, पण माझ्या धाकट्या भावाचं निदान मोठेपणी झालं आणि ते सगळं मी जवळनं बघितलंय म्हणून लिहितेय.

माझं म्हणणं, नकोशा कामाचं सोडा, मनापासून हव्या असलेल्या कामाचं काय होतं ते बघा. जीएसटी रिटर्न मीपण शेवटच्या दिवसापर्यंत ढकलते, पण चटणीच्या ऑर्डरी वेळेवर जातात कारण ते काम मला आवडतं. भावाला टॉवेलची डिझाइनं काढायचं वेड, एका कारखानदारानं स्वतःहून नमुना मागितला होता, हा खुश, रात्री कॉम्प्युटर लावून बसला आणि दोन वाजेपर्यंत नुसता बसूनच, एक रेघ नाही, डोळ्यात पाणी. त्याला आळशी म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी अख्खं घर सावध असतं, तरी हा मोटर लावून वर जायचा आणि टाकी भरून अर्धी गल्ली ओली व्हायची, आणि हे अगदी नेहमीचं.

दुसरं म्हणजे लहानपण. डॉक्टर जे निकष लावतात त्यात काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीच दिसलेली असावी लागतात, घर, शाळा, नोकरी यापैकी दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यानं रोजच्या जगण्यात खरंच अडचण व्हायला पाहिजे. लक्ष न लागण्याची 9 लक्षणं आहेत, मोठ्या माणसात त्यातली किमान 5, तीपण 6 महिने टिकलेली लागतात (दंगा, अस्वस्थपणा, घाई याची 9 वेगळी, ती नसली तरी एडीएचडी असू शकतो, म्हणून तर शांत मुली शाळेत कुणाच्या लक्षातच येत नाहीत). तुमचं हे गेल्या वर्षापासूनच सुरू झालं असेल तर आधी झोप, टेन्शन, डिप्रेशन, थायरॉइड तपासा, यांतही लक्ष असंच उडतं.

नेटवरच्या टेस्टनं निदान होत नाही, आणि मित्राची गोळी खाऊन बघू असलं तर अजिबात करू नका, ती औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. सोलापुरात असाल तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं न्या आणि जमलं तर आईला सोबत घ्या, लहानपणीचं डॉक्टर तिलाच विचारतील. लगेच जायचं धाडस होत नसेल तर 14416 वर फोन करा, टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.