तीन दरवाजा झाला, मावळा कधी पळणार?

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. दोन वर्षांपासून गोडो इंजिनमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मोबाइल गेम करतोय. विषय 1660 चा, महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ती रात्र. अकरा लेव्हल ठरल्यात. गडावरच्या तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना या वास्तूंची मॉडेलं तयार आहेत. पण मुलगी झाल्यापासून रात्री जेमतेम पाऊण तास मिळतो, तोही ट्युटोरियल बघण्यात जातो. आता लॅपटॉप उघडायचाच कंटाळा येतो. अनरिअल या दुसऱ्या इंजिनवर गेलो तर हुरूप येईल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : अनरिअलचं आधी निकालात काढते. नको. इंजिन बदललं की पंधरा दिवस हुरूप असतो, कारण तेवढे दिवस आपल्या गेमकडे बघावं लागत नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सज्जा कोठी आहे, अंबरखाना आहे, पण खेळणारा बोटांनी नेमकं काय करतो ते कुठेच नाही.

मी पॉलिटेक्निकला शिकवते आणि रात्री गेम करते, त्यामुळे हे दुखणं घरचंच. आट्यापाट्यांच्या गेमसाठी मी सात महिने नुसता पोशाख बदलायचा मेनू करत होते. अठरा रंगांचे सदरे! पाटीवरचा गडी मात्र जागचा हलत नव्हता. एकदा भाच्याने फोन घेतला, दोन सदरे बदलले आणि विचारलं, "मावशी, खेळ कुठाय?" त्या रात्री सदरे गुंडाळले आणि दोन चौकोन ठेवले. निळ्याने लालला हुलकावणी देऊन पाटी ओलांडायची. दुसऱ्या दिवशी पोरगं वीस मिनिटं खेळलं, सदऱ्यांची आठवणही काढली नाही.

भांडला मात्र. "मी गेलो होतो पलीकडे, तरी बाद?" डोळ्यांना त्याचंच खरं वाटत होतं. गोडोत फिजिक्सचे सेकंदाला 60 ठोके पडतात, म्हणजे कोण कुठे आहे, कुणाला शिवलं, हे तितक्या वेळा तपासलं जातं. मी सहा ठोक्यांची, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाची सूट दिली. हात लागल्यावर तेवढ्यात निळा पलीकडे पोचला तर वाचला. उड्यांच्या गेममध्ये कडा सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतात, त्याला 'कोयोटे टाइम' म्हणतात. हा त्याचाच चुलतभाऊ. पाच ओळींचा कोड, अर्धा तास, आणि भांडण मिटलं. माझा हुरूप परत आला तो त्या अर्ध्या तासाने.

तुमचा गेम पालखीत आहे. पाऊस, चिखल, मागून मशाली. राखाडी आयताला पालखी म्हणा आणि डाव्या-उजव्या बोटाने तिचा तोल सांभाळत पळवा. तीन मिनिटांचा खेळ, बस्स. तीन दरवाजा पुसू नका, पण ते फोल्डर उघडूही नका.

एरिक बरोनने 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एकट्याने साडेचार वर्षं घालवून 2016 साली आणला, हे उदाहरण तुमच्याही डोक्यात असणार. खरं आहे, पण तो दिवसदिवस त्यावर बसायचा. त्याची वर्षं आणि तुमची वर्षं एका मापाची नाहीत. त्यापेक्षा 'लुडम डेअर' ही गेम बनवायची स्पर्धा बघा. 2002 पासून चालू आहे, त्यातल्या एका प्रकारात एकट्याने 48 तासांत गेम पुरा करायचा असतो. 48 तास म्हणजे तुमच्या 64 रात्री. तेही स्पर्धक मधे झोपतात ते धरलं नाही.

पाऊण तासातली शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. काम अर्धवट असतानाच थांबा आणि कोडमध्येच एक ओळ लिहा : 'चिखलात वेग 120 वरून 70 करायचा, इथून पुढे.' दुसऱ्या रात्री पोरीला निजवून डोळे चोळत बसलात तरी हात कुठे घालायचा ते समोर असतं. "आज काय करू" म्हणून बसलं की माणूस ट्युटोरियल लावतो, मीही लावते. अडलात तर तेवढंच शोधा, सापडलं की टॅब बंद.

आणि पालखी पळायला लागली की पहिल्यांदा बायकोच्या हातात फोन द्या. तिला काही समजावू नका, तोंड बंद ठेवून बोटं कुठे जातात ते बघा. मग फाइल मला पाठवा. भाच्याचा जुना, काच तडकलेला अँड्रॉइड फोन चाचणीसाठी ठेवलाय. त्यावर चालली तर कुठेही चालेल.