एक्क्याखालची पंजी

प्रश्न : ताई, आमच्याकडे दर शनिवारी ब्रिजचा डाव बसतो. परवा उजवीकडच्याने 1 इस्पीक बोलून सुरुवात केली, डावीकडचा 3 इस्पीक बोलला आणि उजवीकडचा 4 इस्पीकवर थांबला, म्हणजे इस्पीक हुकूम आणि त्याला 10 हात करायचे. आम्ही दोघी पासच. माझी पानं : इस्पीक सत्ती-तिर्री, बदाम एक्का-दश्शी-अठ्ठी-पंजी-दुर्री, चौकट राणी-गुलाम-दश्शी-चव्वी, किलवर नव्वी-छक्की. 'लांब रंगातलं वरून चौथं पान' म्हणून मी बदामाची पंजी उतरले. डिक्लेररकडे, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्याकडे, बदामाचा एकटा राजा निघाला! चौकटीचे दोन, किलवरचा एक, एवढेच हात आम्हाला मिळाले आणि त्याचे 10 झाले. नियम चुकला की मी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नियम बरोबर आहे, पण तो नो ट्रम्पचा, म्हणजे बिनहुकमी डावाचा. हेच लोक 3 नो ट्रम्पवर थांबले असते, तर मीही पंजीच उतरले असते. तिथे राजाला एक हात गेला तरी तुमचा एक्का मरत नाही, आणि पुढे बदामाची बारीक पानंही हात करू शकतात. शिवाय भिडूला हिशेब कळतो : 11 वजा 5, म्हणजे पंजीच्या वरची 6 पानं उरलेल्या तिघांत.

हुकमाच्या डावात बारीक पानांना तेवढा वेळ मिळत नाही. त्याच्या एकट्या राजाला तो हातही गेला आणि नंतर तुमचा एक्का हुकमाखाली आला. बदाम न उतरता गप्प राहिला असतात, तर तो हात तुमचाच होता आणि डाव एका हाताने पडला असता. डिक्लेरर तुमच्या उजवीकडे, म्हणजे त्याचं पान तुमच्या आधी पडतं. त्याच्याकडचा राजा पकडायला तुमचा एक्का अगदी योग्य जागी बसला होता, म्हणून मला जास्त हळहळ वाटते.

मी चौकटीची राणी उतरले असते. राणी-गुलाम-दश्शी अशी ओळ हातात असताना दुसरं काही शोधूच नये. राजा किंवा एक्का बाहेर निघतो आणि खालची पानं मोठी होतात.

माझे बाबा उतारी करण्याआधी सगळी बोली पुन्हा मनात म्हणत. ओठ हलताना दिसायचे. तेवढा वेळ तुम्हीही घ्या. हुकूम ठरलाय का, एवढं आधी बघा.

आणि भिडू मधे बदाम बोलली असती तर? बदामच उतरायचं, पण पंजी नव्हे, एक्का.