सेकंडहँड इलेक्ट्रिक एसयूव्ही पावसानंतर सकाळी ‘रेडी’ होत नाही, दुपारी होते. बॅटरीच बदलावी लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२१ची लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्ही, सेकंडहँड, ५२ हजार किमी चाललेली. नागपुरात रात्रभर पाऊस झाला की सकाळी ‘हाय व्होल्टेज सिस्टिममध्ये बिघाड’ असा लाल संदेश येतो आणि गाडी ‘रेडी’ होत नाही. दुपारी ऊन पडलं की मुकाट्याने चालू होते. मे महिन्यात बाहेरच्या एसीवाल्याकडून गॅस भरून घेतला होता. आता वर्कशॉप म्हणतंय, अख्खी बॅटरी बदला.

भाऊ, बॅटरीसाठी सध्या एक रुपयाही काढू नका. सेल गेलेली बॅटरी सकाळी आजारी आणि दुपारी ठणठणीत अशी वागत नाही. कमजोर सेल ओलाव्यावर रुसत नाही. चार्ज किती उरलाय आणि तुम्ही पेडल किती दाबता, यावर रुसतो. १५-२० टक्क्यांच्या खाली आकडा धाडकन कोसळतो, पुलावर चढताना ताकद कापली जाते. तुम्ही सांगितलेली लक्षणं इन्सुलेशनची, म्हणजे हाय व्होल्टेज वीज गाडीच्या बॉडीत झिरपण्याची आहेत, आणि माझा पहिला संशय एसीच्या कॉम्प्रेसरवर आहे. का, ते सांगतो.

या गाड्यांमध्ये सुमारे ४०० व्होल्टची पूर्ण लाइन बॉडीपासून वेगळी ठेवलेली असते. बॅटरीचं कंट्रोल युनिट (बीएमएस) त्या लाइनचा बॉडीशी असलेला रेझिस्टन्स सतत मोजत असतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार डीसी लाइनला किमान १०० ओहम प्रति व्होल्ट लागतात, आणि एसी-डीसी बाजू (इथे एसी म्हणजे विजेचा प्रकार, गाडीतला कूलिंगचा एसी नव्हे) एकमेकींना जोडलेल्या असतील तर ५०० ओहम. म्हणजे ४०० व्होल्टला अनुक्रमे ४० हजार आणि २ लाख ओहम. आकडा कंपनीने ठरवलेल्या मर्यादेखाली गेला की बीएमएस कॉन्टॅक्टर जोडतच नाही, किंवा जोडले तरी लगेच सोडतं. कॉन्टॅक्टर म्हणजे पॅकमधले (मोठ्या बॅटरीच्या पेटीतले) ते मोठे रिले, ‘रेडी’ होताना ज्यांचा ‘टक’ आवाज येतो. या दोषाचा सर्वसाधारण कोड पी०एए६. मात्र युरोपीय कंपन्या आपापले कोडही वापरतात, तेव्हा कोडपेक्षा मोजमाप मागा.

त्याआधी पाच मिनिटांचं एक काम: १२ व्होल्टची छोटी बॅटरी. नागपूरच्या उन्हात ती तीन-चार वर्षांत थकते, आणि ती थकली की दहा युनिट एकाच वेळी खोटी रड मांडतात. गाडी बंद करून तीन तास तशीच ठेवा, मग मीटर लावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट असेल तर ठीक, १२.२च्या खाली असेल तर बदला. गाडी ‘रेडी’ असताना तिथेच १३.५ ते १४.८ दिसायला हवेत. नवी बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने तिची नोंद करावी लागते, ती करून घ्या आणि मग सगळे कोड पुसून पुन्हा वाचा.

आता मुख्य चाचणी. वर्कशॉपला एकच प्रश्न विचारा: कॉन्टॅक्टर उघडे (न जोडलेले) असताना इन्सुलेशन किती आणि जोडल्यावर किती? उघडे असताना बीएमएसला फक्त पॅक दिसतो. तेव्हाच आकडा कमी असेल तर दोष पॅकच्या आत आहे. तेव्हा चांगला आणि जोडल्यावर पडत असेल तर पॅक निर्दोष, दोष बाहेरच्या सामानात. हे दोन आकडे न मोजता ‘बॅटरी गेली’ म्हणणं म्हणजे ताप न मोजता ऑपरेशनची तारीख देणं. आणि मोजमाप सकाळी, बिघाड हजर असतानाच व्हायला हवं. गाडी आदल्या रात्री टो करून तिथे ठेवा, दुपारी काही सापडणार नाही.

दोष बाहेर निघाला तर एकेक सामान लाइनवरून काढून मोजायचं. क्रम मी असा ठेवेन: एसी कॉम्प्रेसर, केबिनचा हायव्होल्टेज हीटर, ऑनबोर्ड चार्जर आणि चार्जिंग पोर्ट, डीसी-डीसी कन्व्हर्टर (१२ व्होल्टची बॅटरी भरणारा), शेवटी इन्व्हर्टर (मोटरला वीज देणारा) व मोटर. काढलेल्या सामानाला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावता येतो. पॅकला मात्र मेगर लावू देऊ नका, बीएमएसचं सर्किट जळू शकतं. प्लग काढला की इंटरलॉक (सगळे प्लग जागेवर आहेत का बघणारं सर्किट) तुटतो आणि नवेच कोड येतात, त्याला घाबरायचं कारण नाही. आणि हे घरी करायचं काम नाहीच: सर्व्हिस डिस्कनेक्ट (हाय व्होल्टेज तोडायचा प्लग) काढल्यावरही इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो, दहा मिनिटं थांबून १००० व्होल्टच्या मीटरवर शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही, तोही क्लास शून्यच्या (१००० व्होल्टपर्यंतच्या रबरी) ग्लोव्ह्जनिशी.

कॉम्प्रेसरवर संशय का? इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरची मोटर त्याच्या ऑइलमध्येच बुडालेली असते, म्हणून ऑइल वीज न वाहणारं लागतं, सहसा पीओई जातीचं. पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या एसीत पीएजी नावाचं दुसरं ऑइल घालतात, आणि ते तुलनेने वीज वाहू देतं. एप्रिल-मेमध्ये गावभर गॅस भरायची झुंबड असते. एकच मशीन, एकच होज दिवसभर सगळ्या गाड्यांना लागतो. त्या होजमधलं थोडं पीएजी आत गेलं तरी इन्सुलेशन घसरायला लागतं. त्यातच पीओई ओलावा शोषतं, त्यामुळे गॅस भरण्याआधी लाइनमधली हवा-ओलावा काढणारा व्हॅक्यूम कमी वेळ ओढला असेल तर पाणीही आतच राहतं. शिवाय रात्री गार पडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये द्रव गॅस साचतो, आणि तेव्हाचं वाचन आणखी खाली जातं. तुमचं सकाळ-दुपारचं गणित इथे जुळतं.

तसंच निघालं तर नुसता गॅस बदलून भागत नाही. मिसळलेलं ऑइल पुरतं निघत नाही, म्हणून बहुधा कॉम्प्रेसर बदलावा लागतो, लाइन फ्लश करावी लागते, अर्धा तास तरी व्हॅक्यूम, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस वजन करून. खर्च कमी नाही, पण पॅकच्या पासंगालाही पुरणार नाही. हे टाळूही नका: याच गॅसवर बॅटरी थंड होते. तो बिघडला की पुढच्या मेमध्ये समृद्धीवर फास्ट चार्जिंगही रखडेल.

कॉम्प्रेसर निर्दोष निघाला तर चार्जिंग पोर्ट आणि केशरी (हाय व्होल्टेजच्या) केबलचे कनेक्टर वर्कशॉपकडून उघडून बघा. हिरवट पूड किंवा चिखलाचा पापुद्रा दिसला तर प्रश्न मोठा आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदी वस्त्यांत शिरली, तेव्हा अनेक गाड्या पाण्यात होत्या. गाडी त्या वेळी कुठे होती, विम्याचा दावा झाला होता का, हे विमा कंपनीकडून लेखी मागा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आणि पॅकच्या कडेला अॅल्युमिनियमवर पांढरी पूड, या दोन खुणा धुऊनही जात नाहीत.

दोष पॅकच्या आत निघाला तर आधी कूलंटची टाकी बघा. पातळी उतरतेय आणि खाली थेंब नाही, तर कूलंट पॅकमध्ये जात असेल. अशी गाडी चालवू नका, चार्ज करू नका, तळघरातल्या पार्किंगमध्ये ठेवू नका.

सेलबद्दल मनात शंका उरू नये म्हणून व्होल्टेजचा तक्ता तीन वेळा घ्या: ९० टक्क्यांवर, ५०वर आणि १५च्या खाली. ऑडीची ई-ट्रॉन ५५ असो की जॅग्वारची आय-पेस, आत ३६ मॉड्यूल (सेलचे डबे), ४३२ सेल. चार-चार समांतर जोडलेले, म्हणजे १०८ गट. उभ्या गाडीत सर्वांत वरच्या आणि खालच्या गटात २० मिलिव्होल्टपर्यंत फरक चालतो, ५०च्या वर लक्ष ठेवा, १०० म्हणजे दुखणं. तिन्ही वेळी एकच गट तेवढाच मागे असेल तर बॅलन्सिंगचा (सगळे गट एका पातळीवर आणण्याचा) प्रश्न. घरच्या साध्या (एसी विजेच्या) चार्जरवर १०० टक्के करून रात्रभर राहू द्या, असं काही वेळा करून फरक कमी होतो का बघा. भरताना पुढे आणि रिकामी होताना मागे पडत असेल तर त्या गटाची क्षमताच गेली. फक्त जोर लावताना पडत असेल आणि तिथलं तापमानही वर असेल तर जोडपट्टी ढिली असू शकते. यातल्या कशालाही अख्खा पॅक लागतोच असं नाही, मॉड्यूल बदलता येतं.

वॉरंटी: या वर्गातल्या गाड्यांच्या बॅटरीला साधारणपणे ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी असते. मोजणी पहिल्या विक्रीपासून, म्हणजे तुमची अजून चालू असायला हवी. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, सर्व्हिसच्या नोंदी जोडा. बाहेर गॅस भरल्याचं लपवू नका, ऑइल तपासलं की कळतंच. आणि पॅक वॉरंटीत असताना बाहेरच्या कुणालाही तो उघडू देऊ नका.

जॉब कार्डवर चार गोष्टी लिहून घ्या: सगळे कोड फ्रीझ फ्रेमसह (कोड आला त्या क्षणाच्या नोंदींसह), कॉन्टॅक्टर उघडे-जोडलेले असतानाचं इन्सुलेशन किलोओहममध्ये, सेलचा तक्ता, कूलंटची पातळी. सकाळचे आकडे हातात आले की इथेच टाका, कॉम्प्रेसर की पॅक ते लगेच सांगता येईल.