पत आणि ऐपत

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. सिबिल स्कोअर ८०४, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, आणि तरी क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर. "काका, आता अजून काय सिद्ध करायचं?" असं तू विचारलंस. त्या प्रश्नातला सूर मनाला लागला, म्हणून फोन न करता लिहायला बसलो.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, पत आणि ऐपत. घेतलेलं वेळेवर फेडतेस का, ही तुझी पत. पुढे फेडण्याइतकी मिळकत आहे का, ही ऐपत. सिबिलचा ३०० ते ९०० मधला तो आकडा फक्त पत सांगतो. तुझी कमाई किती, तू नोकरी करतेस की व्यवसाय, खात्यात शिल्लक काय, यातलं काहीही त्यात धरलेलं नसतं. कार्ड देताना बँक दोन्ही बघते. तू पहिल्या परीक्षेत उत्तम उतरलीस. अडलं ते दुसरीत, आणि ती परीक्षा होती हे तुला कुणी सांगितलंच नाही.

नोकरी सोडून इंटिरियरची स्वतंत्र कामं घ्यायला लागलीस त्याला दीड वर्ष झालं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता वेळेवर जात राहिला, त्यामुळे स्कोअरवर त्याची रेघही उमटली नाही. बँकेच्या लेखी मात्र सगळं बदललं. नोकरदाराचं काम पगाराच्या पावत्यांवर भागतं. व्यवसाय करणाऱ्याकडे बऱ्याच बँका दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात आणि तुझ्याकडे व्यवसायाचं एकच आहे. शिवाय ते आयकर कायद्याच्या ४४एडीए कलमाखाली भरलेलं. वर्षाला ९ लाख जमा झाले, त्यातले निम्मे, म्हणजे साडेचार लाख, उत्पन्न म्हणून दाखवले. यात गैर काहीच नाही, कायद्यानेच ती सोय दिली आहे. पण अर्ज तपासणाऱ्याला साडेचार लाखच दिसतात आणि त्यातूनही तो शैक्षणिक कर्जाचा हप्ता वजा करतो. वाचलेला कर आणि न मिळालेलं कार्ड, दोन्ही एकाच कागदातून आलेले असू शकतात.

आणखी एक. तुझा ८०४ उभा आहे तो एका शैक्षणिक कर्जावर आणि मोबाइलच्या हप्त्यांवर. दहा वर्षं कार्ड आणि गृहकर्ज सांभाळणाऱ्याचाही स्कोअर ८०४ असू शकतो, पण कर्जांच्या नोंदींचा अहवाल उघडला की दोघांतला फरक लगेच दिसतो. भाड्याच्या घराचा पत्ता आधारवर नसणं, पॅनवरच्या नावात एखादं अक्षर वेगळं असणं, पडताळणीचा फोन न उचलला जाणं, अशा कारणांनीही अर्ज अडकतात. "प्री-अप्रूव्ह्ड" असा मेसेज आला होता म्हणालीस. तो जाहिरातीचा भाग असतो, खरी तपासणी अर्जानंतर होते.

काही गोष्टींचा तुझ्याशी संबंधही नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड थकबाकीवरचा जोखीमभार, म्हणजे त्या उधारीपोटी किती भांडवल राखायचं ते ठरवणारं प्रमाण, १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. विनातारण उधारीसाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागलं, की काठावरचे अर्ज आधी गळतात.

एक जुनी गोष्ट सांगतो. मी बँकेच्या कर्ज विभागात असताना एक मंडप-डेकोरेशनवाले आले होते. आधीचं कर्ज त्यांनी मुदतीआधी फेडलेलं. विवरणपत्र नव्हतं म्हणून नव्या कर्जाचा अर्ज मी फेटाळला आणि पत्रात लिहिलं, "धोरणानुसार शक्य नाही." ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "साहेब, माझं चुकलं काय ते तरी सांगा." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तेवढं एक वाक्य मी तेव्हा बोललो नाही. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. तुझ्या मोबाइलवर आलेल्या नकारात "अंतर्गत धोरणानुसार" असं वाचलं तेव्हा तेच आठवले.

म्हणून तू कारण माग, आणि लेखी माग. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं, असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत म्हटलं आहे. बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल कर, अर्जाचा क्रमांक टाक, तक्रार क्रमांक जपून ठेव. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. लोकपाल बँकेला "कार्ड द्या" म्हणणार नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे. तुला हवं आहे ते कारण.

आणि आता चौथा अर्ज करू नकोस, हे मात्र अगदी कळकळीने सांगतो. रागाच्या भरात एकाच आठवड्यात आणखी दोन बँकांत अर्ज केलेस. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि पुढच्या बँकेला वाटतं, हिला पैशांची फार निकड दिसते. निदान सहा महिने थांब. तू स्वतः कितीही वेळा स्कोअर पाहिलास तरी त्याने तो घटत नाही, ती भीती बाळगू नकोस.

त्या काळात कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचे अहवाल मागव: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कुणा भलत्याच्याच कर्जाची नोंद तुझ्या नावावर निघाली तर लगेच तक्रार कर. दुरुस्ती ३० दिवसांत झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

कार्ड लवकर हवंच असेल तर, ग्राहकांचे पैसे जिथे जमा होतात त्याच बँकेत २५ हजारांची मुदत ठेव कर आणि तिच्यावर कार्ड माग. ठेव तारण असल्याने उत्पन्नाच्या कागदांवर सहसा अडत नाही आणि या कार्डाचे व्यवहारही अहवालात नोंदले जातात. लॅमिनेटचे नमुने, प्रवास, पेट्रोल एवढंच त्यावर टाक आणि बिल पूर्ण भर. "किमान रक्कम" भरत राहिलीस तर उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं.

जुलैत दुसरं विवरणपत्र भरशील, त्याआधी सीएशी बोल. प्रत्यक्ष नफा निम्म्याहून जास्त असेल तर तो तसाच दाखव. कर थोडा जास्त गेला तरी उत्पन्न खरं दिसेल.

ईमेलचा मसुदा रविवारी आपण दोघं मिळून करू. नकाराचा मेसेज पुसू नकोस, त्यावरची तारीख लागेल.

तुझे काका