कापडी टपाच्या जीपवर हॅम (हौशी) रेडिओचा अँटेना कोणता बसवावा?

तुमची जीप कापडी टपाची, फिरणं रत्नागिरी ते आंबा घाट, आणि सेट दोन मीटर तरंगलांबीचा (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ). मग सरळ हाफ वेव्ह, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना घ्या.

कारण असं, की क्वार्टर वेव्ह म्हणजे पाव तरंगलांबीची, जेमतेम ५० सेंमीची काडी. तिचा उरलेला अर्धा भाग गाडीचा पत्राच असतो. काडीभोवती चहूबाजूंनी साधारण तेवढाच पत्रा लागतो. कापडाखाली तो कुठून येणार? दुकानदार ‘जास्त गेन’ (सिग्नल लांब जातो) म्हणून फाइव्ह-एट्थ (५/८ तरंगलांबीचा) गळ्यात मारतील, पण त्यालाही खाली भरपूर पत्रा हवाच. हाफ वेव्ह सुमारे एक मीटरचा, बुडाशी मॅचिंग कॉइल (अँटेना आणि केबलचा मेळ घालणारी तारेची गुंडाळी) असलेला. त्याला पत्र्याची फारशी गरज नाही. मागच्या स्टेपनीच्या ब्रॅकेटवर नट-बोल्टने बसवा. बुडाशी केबलवर दोन-तीन फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) कड्या चढवा, नाहीतर केबलच अँटेना होऊन बसते. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप) गाडीवर बसवल्यावरच मोजा, दीडच्या आसपास आला की पुरे.

बॉनेटवर मॅग्नेट माउंट चालेल का? चालतो, पण मी लावणार नाही. खारं वारं आणि पाऊस मिळून मॅग्नेटखाली गंज धरतो, तोही दिसत नाही. काडी स्टेनलेसचीच घ्या, आणि कनेक्टरवर सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप गुंडाळा. आतली तांब्याची जाळी हिरवी पडली की केबल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि हो, आंब्याच्या बागेत शिरण्याआधी काडी वाकवून बांधा.