ताऱ्यांचा तक्ता आठवड्यात का फसला?

प्रश्न : मी वडोदऱ्यात एम. एस. युनिव्हर्सिटीत मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्तनवादाचा, म्हणजे वागण्याच्या परिणामांवरून सवयी घडतात या सिद्धांताचा, भाग फार आवडला. सहावीतल्या भावासाठी तक्ता केला : पाच वाजता तासभर अभ्यास केला की तारा, रात्री चॉकलेट. आठवडाभर चाललं, मग बंद पडलं. आता तो वही काढली तरी रडतो, मग आई वही मिटते. हा सिद्धांत जुना झाला का? यात करिअर होईल का?
– एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर : सिद्धांत नाही, मांडणी फसली. करिअरचं उत्तरही त्या तक्त्यातच आहे, म्हणून आधी तोच बघू.

तक्ता लावण्याआधी भाऊ किती मिनिटं बसायचा, हे तू लिहिलेलं नाहीस. या कामाची सुरुवात बक्षिसाने होत नाही, मोजणीने होते. चार-पाच दिवस काहीही न बदलता फक्त नोंद ठेव : किती वाजता बसला, किती मिनिटांनी उठला, त्याच्या लगेच आधी काय झालं, लगेच नंतर काय झालं. समजा तो सरासरी ८ मिनिटं बसतो. मग पहिला तारा १० मिनिटांना. सलग तीन दिवस जमलं की १३, मग १६. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर याच्या प्रयोगाच्या पेटीत उंदराला दांडा दाबायला शिकवतात, तिथेही आधी दांड्याकडे नुसतं वळल्याबद्दल दाणा मिळतो. दांडा दाबणं फार पुढे येतं. तू पहिल्याच दिवशी तास मागितलास.

दुसरं, अभ्यास पाचला आणि चॉकलेट रात्री. मधे टीव्ही, खेळ, भांडण सगळं होऊन गेलेलं. तारा त्याच मिनिटाला, त्याच्यासमोर लागला पाहिजे, आणि किती ताऱ्यांना काय मिळणार हे त्यानेच निवडावं. एरवीही फ्रिजमधून मिळणाऱ्या चॉकलेटला किंमत राहत नाही.

आता रडणं, कारण खरी मेख इथे आहे. तो रडतो, वही मिटते, त्रास टळतो. म्हणून उद्या तो आणखी लवकर रडतो. त्रास टळल्यामुळे वागणं असं पक्कं होणं, हेच ऋण प्रबलन. परीक्षेत निम्मी मुलं याला शिक्षा म्हणतात आणि मार्क घालवतात. प्रबलनाने, धन (काही मिळून) असो वा ऋण (त्रास टळून), वर्तन वाढतं, शिक्षेने घटतं. त्यातून वही कधी मिटली, कधी नाही मिटली, तर रडणं अधिकच चिवट होतं. मिटणं थांबवलंत की पहिले काही दिवस ते वाढेल. फायदा बंद झाला की सवय विझत जाते, ते विलोपन. त्याआधीच्या या वाढीला विलोपनाची उसळी म्हणतात. तिसऱ्या दिवशी आईने माघार घेतली, तर मोठ्याने रडण्याला बक्षीस मिळालं. त्यामुळे आधी घरात सगळ्यांचं एकमत कर. आणि धडा त्याला वाचताच येत नाही म्हणून तर तो रडत नाही ना, हेही तपास. तसं असेल तर तक्ता बाजूला ठेव, शाळेशी बोल.

जुनेपणाबद्दल एवढंच : मनातल्या गोष्टी अभ्यासातून वगळा, हा वर्तनवादाची सुरुवात करणाऱ्या वॉटसनचा १९१३ चा हट्ट मागे पडला. मोजून काम करण्याची शिस्त मात्र टिकली आणि नोकऱ्या तिच्यावरच आहेत.

वाटा अशा. विशेष शिक्षिका व्हायचं असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेलं बी.एड. स्पेशल एज्युकेशन कर आणि पुढे नोंदणी घे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायलाही याच कौन्सिलची नोंदणी लागते, नुसत्या एम.ए.वर भागत नाही. प्रवेश घेण्याआधी कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची मान्यता स्वतः बघ. ऑटिझम असलेल्या मुलांबरोबरच्या वर्तन-विश्लेषणात जाणार असशील तर एक सावधगिरी : अमेरिकेतल्या बिहेविअर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाने २०२३ पासून भारतातल्या उमेदवारांचे नवे अर्ज घेणं बंद केलं आहे. त्या प्रमाणपत्राच्या नावावर कुणी फी मागितली तर देऊ नकोस. तिसरी वाट मुलींना सहसा कुणी सुचवत नाही : कारखान्यातली सुरक्षा. हेल्मेट, हातमोजे, शिडी धरणं यांची निरीक्षण-यादी करून सवयी बदलायच्या. वडोदऱ्याजवळच्या कोयलीची रिफायनरी असलेल्या या पट्ट्यात हे काम समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. त्यासाठी औद्योगिक मानसशास्त्राकडे वळ.

मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही सहज बोलत असशील तर ती मोठी जमेची बाजू आहे. पालकांशी बोलणं हे यातलं निम्मं काम.

मे महिन्याच्या सुटीत विशेष मुलांच्या एखाद्या केंद्रात सहा आठवडे निरीक्षणाला जा. पहिल्या दिवशी विचार : प्रत्येक मुलाची रोजची नोंदवही असते का, ती कोण तपासतं, आणि सुधारणा दिसली नाही तर किती दिवसांनी पद्धत बदलता? मुलाचं नाव झाकून एखादं पान दाखवायलाही टाळाटाळ झाली, तर दुसरं केंद्र बघ.